फी माफ बसते का? आधी पिशवीतले कागद बघू

जून संपत आला की विट्यातल्या (जि. सांगली) आमच्या सेवा केंद्राच्या बाकड्यावर पिशव्या दिसायला लागतात. कुणाची कापड दुकानाची, कुणाची खताच्या दुकानाची. आत ठरलेला माल: रेशन कार्ड, सातबारा, दहावीचं मार्कलिस्ट आणि चार घड्या पडून मधोमध फाटायला आलेला शाळा सोडल्याचा दाखला. पिशवीवाला बसतो, टोपीनं घाम पुसतो आणि म्हणतो, "ताई, पोरींची फी माफ झालीया म्हणं. आमची बसतीया का बघा की."

बसते का नाही, हे कागद बघून पाच मिनिटांत कळतं. अवघड जातं ते 'बसत नाही' हे सांगणं. कारण बऱ्याचदा पोरगी हुशार असते, घरची परिस्थिती बेताची असते, सगळं नियमात बसण्यासारखं असतं आणि चूक महिन्यापूर्वी एका दिवसात होऊन गेलेली असते. म्हणून या लेखात फॉर्म भरण्यापेक्षा फॉर्मच्या आधीचं जास्त सांगणार आहे. घरातलं पहिलंच पोर इंजिनिअरिंग, फार्मसी, पॉलिटेक्निक, ॲग्री अशा व्यावसायिक शिक्षणाला निघालं असेल, त्यांच्यासाठी हा लेख.

माफ नेमकं काय होतं

आमच्याकडची जुनी माणसं या सवलतीला अजून 'ईबीसी' म्हणतात. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना बाराशे रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांच्या मुलांना फी माफ झाली, तीच ही ईबीसी. यशवंतराव आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रेचे, त्यामुळे ही गोष्ट सांगताना इथले म्हातारे जरा ताठ बसतात. आताच्या योजनेचं नाव राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. कॉलेजच्या खिडकीवरचा क्लार्क ईबीसी म्हणाला तर तो याच योजनेबद्दल बोलतोय, गोंधळू नका.

कॉलेजची फीची पावती कधी निरखून बघा. शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, ग्रंथालय अनामत, जिमखाना, विमा, ओळखपत्र अशा दहा ओळी असतात. सरकार देतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क, एवढंच. विकास शुल्क आणि खालच्या बारीकसारीक ओळी तुमच्या खिशातून. समजा शिक्षण शुल्क ८०,००० आहे, विकास शुल्क ८,००० आणि बाकी किरकोळ ५,०००. शंभर टक्के सवलत बसलेल्या मुलीलाही १३,००० भरावे लागणार. पन्नास टक्के बसलेल्या मुलाला ५३,०००. हॉस्टेल, मेस, पुस्तकं वेगळी. "फी माफ म्हणाला होता की" म्हणून ऑगस्टमध्ये कॉलेजात भांडण्यापेक्षा ही वजाबाकी मे महिन्यात घरी बसून करा.

खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर असते. कॉलेज निवडताना ती बघायची सवय लावा. एकाच शाखेच्या फीत दोन कॉलेजांमध्ये मोठा फरक निघतो, आणि मुलाला पन्नास टक्केच मिळणार असतील तर तो फरक घरच्या पैशांतूनच जाणार.

पहिली पायरी: प्रवेश कुठल्या दारातून झाला

पिशवी उघडली की माझा पहिला प्रश्न एकच असतो, "ॲलॉटमेंट लेटर आहे का?" टक्के, उत्पन्न, जात हे सगळं नंतर.

व्यावसायिक अभ्यासक्रमाला आत जायची दोन दारं आहेत. एक कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. पदवीसाठी ती सीईटी सेल राबवतं आणि दहावीनंतरच्या डिप्लोमासाठी तंत्रशिक्षण संचालनालय. यात तुम्ही कॉलेजांची यादी भरता, फेरी लागते, नंबर लागला की ॲलॉटमेंट लेटर निघतं. दुसरं दार कॉलेजचं स्वतःचं: व्यवस्थापन कोटा आणि संस्था स्तरावरच्या जागा. सरकारची फी-सवलत पहिल्या दारातून आलेल्यांना आहे. दुसऱ्या दारातून गेलात तर उत्पन्न पन्नास हजार असलं तरी योजना मिळत नाही.

दोन वर्षांमागची गोष्ट. घाटमाथ्यावरच्या एका गावातली मुलगी. दुसऱ्या फेरीत मेकॅनिकल मिळालं, तिला कॉम्प्युटर हवं होतं. एका कॉलेजातल्या माणसानं फोनवर सांगितलं, "सीट सोडा, आमच्याकडं संस्था स्तरावर कॉम्प्युटर देतो, स्कॉलरशिपचं आपण बघू." त्यांनी सीट सोडली. सप्टेंबरात बापलेक माझ्यासमोर बसलेले. मी पोर्टलवर तिची माहिती भरत होते. प्रवेशाचा प्रकार विचारणाऱ्या चौकटीत 'संस्था स्तर' निवडला, आणि पुढच्या पानावर योजनांची यादी आली ती रिकामी. वडील स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "इंटरनेट स्लो असंल." तिची पूर्ण फी सोसायटीतून आणि पाहुण्यांकडून उचलून भरली गेली. 'आपण बघू' असं कुणी म्हणालं की ते कागदावर लिहून मागा. लिहून देत नसतील तर समजून जा.

शाखा बदलण्यासाठी संस्था स्तरावर जाऊच नका असं मी म्हणत नाही. फी भरायची ऐपत असेल आणि शाखा महत्त्वाची वाटत असेल तर जरूर जा. मात्र चार वर्षांची पूर्ण फी एका कागदावर मांडा आणि मग सही करा.

याच पायरीवर आणखी एक बघायचं: कॉलेज आहे कुणाचं. अभिमत विद्यापीठ आणि खासगी विद्यापीठ या योजनेच्या बाहेर आहेत. आमच्या भागात फसगत होते ती इथंच. एकाच शिक्षणसंस्थेचं एक कॉलेज विद्यापीठाला संलग्न असतं, तिथं सवलत मिळते. त्याच नावाची पाटी लावलेलं शेजारचं कॉलेज अभिमत विद्यापीठात मोडतं, तिथं मिळत नाही. पाटी न बघता विचारा, "या अभ्यासक्रमाची डिग्री कुठलं विद्यापीठ देणार?" सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, मिरज आणि कराडची शासकीय तंत्रनिकेतनं यांच्याबाबत हा प्रश्न पडत नाही. नव्या चकचकीत इमारतींबाबत मात्र जरूर विचारा.

जत तालुक्यातल्या लोकांना वेगळं सांगते. विजयपूर, अथणी तुम्हाला सांगलीपेक्षा जवळ, हे मान्य. पण तिकडच्या कॉलेजातला प्रवेश आपल्या कॅपमधला नाही, त्यामुळे शाहू महाराज योजना तिकडं लागू होत नाही.

दुसरी पायरी: तुमचा प्रवर्ग आणि तुमची योजना

सरकारी योजना एक नाही, पाच-सहा आहेत, आणि प्रत्येकीचं खातं वेगळं. सगळ्यांचा अर्ज मात्र एकाच ठिकाणी, महाडीबीटी पोर्टलवर.

खुल्या प्रवर्गातले, आर्थिक दुर्बल घटक म्हणजे ईडब्ल्यूएस आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग म्हणजे एसईबीसी (मराठा समाज यात येतो) यांना शाहू महाराज योजना. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. मुलांना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काच्या ५० टक्के. ओबीसी मुलांनाही उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर तेवढंच, फक्त त्यांची योजना इतर मागास बहुजन कल्याण विभागाची.

मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून ५० ऐवजी १०० टक्के मिळतं. 'पोरींची फी माफ झालीया' हे गावात पोचलं ते यातून. ते पोचताना निर्णयातल्या अटी वाटेत गळून पडल्या: उत्पन्न ८ लाखांच्या आत, प्रवेश कॅपमधून, आणि अभ्यासक्रम व्यावसायिक. या तिन्हीपैकी एक जरी चुकली तर नाही. ज्या मुली त्या वर्षी आधीच दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला होत्या त्यांनाही हा लाभ लागू झाला. आणि बसणाऱ्या मुलीकडून प्रवेशाच्या वेळी ही फी आगाऊ घेऊ नये, अशा सूचना शासनानं कॉलेजांना दिलेल्या आहेत. तरी काही ठिकाणी 'आधी भरा, आलं की परत देऊ' चालतं. तिथं शासन निर्णयाची प्रिंट काढून हातात ठेवा. आवाज चढवण्यापेक्षा प्रिंटचा उपयोग जास्त होतो.

विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांना मुलगा असो की मुलगी, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के, उत्पन्नाची मर्यादा ८ लाखच. आटपाडी, माण, जत भागात धनगर समाज मोठा, तो भटक्या जमाती क मध्ये येतो. रामोशी समाज विमुक्त जातींत. तरी मेंढरांमागं फिरणारे बाप मला विचारतात, "पोराला निम्मी बसंल न्हवं?" निम्मी कशाला, पूर्ण बसते. फक्त दाखला हवा.

अनुसूचित जाती आणि जमातीच्या विद्यार्थ्यांना उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, म्हणजे फी आणि वर निर्वाह भत्ता. अडीच लाखांच्या वर असेल तर फ्रीशिप. तिथं भत्ता नाही, पण शिक्षण आणि परीक्षा शुल्क मिळतं. 'आमचं उत्पन्न जास्त आहे, आम्हाला काही नाही' असं समजून अर्जच न करणारी नोकरदार घरं मी बघितली आहेत. तसं करू नका.

या सगळ्यात एक गोष्ट पक्की ठेवायची: सीईटीच्या फॉर्मवर जो प्रवर्ग लिहिला, तोच महाडीबीटीवर. तिथं ओपन लिहून इथं एसईबीसी, किंवा तिथं एसईबीसी आणि इथं नवीन मिळालेला कुणबी दाखला लावून ओबीसी, असं केलं की अर्ज अडकतो. मराठा घरांत सध्या हा घोळ जास्त आहे, कारण एकाच घरात तीन वर्षांत तीन तऱ्हेचे दाखले निघालेत. कुठला वापरायचा ते कॅपचा फॉर्म भरायच्या आधी ठरवा.

तिसरी पायरी: उत्पन्न

इथं जरा थांबते, कारण सर्वांत जास्त वाद इथं होतात.

८ लाख म्हणजे कुणाचे? आई आणि वडील दोघांचं मिळून, सगळ्या मार्गांनी येणारं वर्षाचं उत्पन्न. शेती, पगार, दुकान, दूध, भाडं, सगळं धरायचं. वडील शिक्षक आणि आई अंगणवाडी सेविका असेल तर दोघांचं. फौजेत असलेल्या वडिलांचा फॉर्म १६ लागतो. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांमुळं साताऱ्याकडच्या पिशव्यांत तो हमखास निघतो, आमच्याकडंही निघतो. मुलाचं सुट्टीतलं काम कुणी धरत नाही.

आता नॉन-क्रिमिलेअर (घर सधन गटात मोडत नाही, असा आरक्षणासाठी लागणारा दाखला) आणि उत्पन्नाचा दाखला यांतला फरक. दोन्हींत ८ लाख हा आकडा आहे म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. ओबीसीच्या क्रिमिलेअरसाठी उत्पन्न मोजताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. फी-सवलतीसाठी धरतात. त्यामुळे असं घडतं: नवराबायको दोघं प्राथमिक शिक्षक, मुलाला नॉन-क्रिमिलेअर मिळालंय, आरक्षणातून प्रवेशही झालाय, आणि फी-सवलत मात्र बसत नाही, कारण दोघांचा पगार मिळून ८ लाखांच्या वर जातो. यात कुणी अन्याय केलेला नाही, दोन वेगळे नियम आहेत. प्रवेशाच्या आधी माहीत असलेलं बरं, एवढंच.

शेतकऱ्याचा प्रश्न उलटा. पगारदाराचा आकडा फॉर्म १६ वर छापून येतो. उसाचं बिल बँकेत जमा होतं, तेही दिसतं. पण घाटमाथ्यावरच्या चार एकर जिराईतीचं उत्पन्न काय लिहायचं? तलाठी (कागदोपत्री आता ते ग्राम महसूल अधिकारी झालेत, तोंडात मात्र तलाठीच) सातबारा, आठ अ आणि पीकपाणी बघून अहवाल देतात, आणि त्यावर तहसीलदारांचा दाखला निघतो. तासगावच्या द्राक्षबागायतदाराचा एखाद्या वर्षी आकडा फुगतो, पुढच्या वर्षी अवकाळीनं बाग जाते. दाखला मात्र ज्या वर्षाचा त्या वर्षाचाच बोलतो.

'जरा कमी लिहून द्या' अशी विनंती करणारे भेटतात. माझं सांगणं सरळ आहे. ८ लाखांच्या खाली असाल तर तीन लाख लिहिलं काय आणि सहा लाख लिहिलं काय, फी-सवलतीत एक रुपयाचा फरक पडत नाही. खोटं लिहून मिळणार काही नाही, उद्या शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेलात की तोच कमी आकडा आडवा येणार. आणि वर असाल तर सोडून द्या.

दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला जूनमध्ये कागद म्हणून कोरा करकरीत असतो, पण चालत नाही. एप्रिल उजाडला की नवीन काढायला टाका. लोकसेवा हक्क कायद्याखाली या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे, पण जूनमध्ये सगळा तालुका एकदम येतो आणि सर्व्हर बसतो. मे महिन्यात आलात तर माझ्याकडं चहापण मिळेल.

बारक्या अटी, ज्यांवर अर्ज परत येतो

शाहू महाराज योजनेत एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ आहे. तसं घोषणापत्र द्यावं लागतं. मोठ्या दोन बहिणींनी घेतला असेल तर धाकट्या भावाला नाही.

दुसरी कुठली शिष्यवृत्ती किंवा विद्यावेतन चालू असेल तर तेही या योजनेत चालत नाही. आधीच्या सत्रात निदान ५० टक्के हजेरी हवी, पहिल्या वर्षाला ही अट नाही. शिक्षण चालू असताना दोन किंवा जास्त वर्षांचा खंड पडला तर पात्रता जाते. बारावीनंतर एक वर्ष सीईटी परत देण्यात गेलं असेल तर घाबरू नका, गॅपचं प्रतिज्ञापत्र जोडलं की झालं. प्रतिज्ञापत्राला पाचशेचा स्टॅम्प मागणारे अजून भेटतात. शैक्षणिक दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क शासनानं माफ केलेलं आहे, साधा कागद चालतो.

अधिवासाचं सांगायचं राहिलंच. आमचा खानापूर-आटपाडी भाग गलाईवाल्यांचा. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी इथली माणसं केरळ, तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत पसरलीत. दिवाळीला, गावच्या जत्रेला गाव भरतं, एरवी दारांना कुलपं. त्यांची मुलं दहावी-बारावी तिकडं करतात आणि इंजिनिअरिंगला सांगली-कराडला येतात. अशा मुलांनी कॅपचा फॉर्म भरतानाच उमेदवारीचा प्रकार नीट निवडायचा. दहावी-बारावी राज्याबाहेर झाली तरी आई किंवा वडिलांचं महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र असेल तर वेगळ्या प्रकारात राज्याचा उमेदवार म्हणून जागा मिळते. प्रकार चुकला तर आधी प्रवेश परराज्याच्या यादीत जातो आणि मग सवलतही. आजोबांच्या नावचा सातबारा इथं आहे एवढ्यानं भागत नाही. अधिवास प्रमाणपत्र तहसीलमधून काढावं लागतं, आणि त्यासाठी वडिलांना एकदा गावी यावं लागतं. जत्रेला आलात की हे काम उरकून घ्या.

जात पडताळणीही अशीच आधी उरकायची. अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज टाका. पुरावा किती जुना हवा ते प्रवर्गावर आहे: ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० आणि जमातीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा हा सगळ्यात हुकमी कागद. शाळा बंद पडली असेल तर रजिस्टर कुठल्या शाळेत गेलं ते शोधायला गटशिक्षणाधिकारी कार्यालयात जा. यालाच महिना जातो.

पोर्टलवर बसताना

महाडीबीटीवर प्रत्येकाचं एकच खातं. अकरावीत काढलेला युजर आयडी विसरला म्हणून नवीन काढू नका. दोन खाती झाली की दोन्ही अडकतात. आधार क्रमांकावर ओटीपी मागवून जुनं खातं परत मिळवता येतं. म्हणून आधारला जोडलेला मोबाईल चालू हवा, आणि तो पुण्याला कामाला गेलेल्या मामाच्या खिशात नको.

आधी प्रोफाइल भरायची: वैयक्तिक माहिती, पत्ता, पालकांची माहिती, आत्ताचा अभ्यासक्रम, मागचं शिक्षण, हॉस्टेल. जात, उत्पन्न आणि अधिवासाच्या दाखल्यांवरचा बारकोड क्रमांक टाकला की माहिती आपोआप येते. प्रोफाइल पूर्ण झाली की पोर्टल स्वतःच पात्र योजनांची यादी दाखवतं. यादीत तुमची योजना दिसली नाही तर 'मी पात्र नाही' असं लगेच ठरवू नका. बहुतेक वेळा प्रवर्गात, उत्पन्नाच्या आकड्यात किंवा प्रवेशाच्या प्रकारात काहीतरी चुकीचं टिचकलेलं असतं. परवा एका मुलाच्या उत्पन्नात एक शून्य जास्त पडलं होतं. आठवडाभर बिचारा नशिबाला दोष देत होता.

नावाची भानगड वेगळी. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, एवढा फरक खपतो. 'संगिता' आणि 'संगीता'च्या इंग्रजी स्पेलिंगनं मात्र अर्ज परत आलेला मी बघितलाय. आधार दहावीच्या मार्कलिस्टप्रमाणं दुरुस्त करून घ्या, उलटं करायला जाऊ नका.

सबमिट केल्यावर अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडं, मग विभागाकडं जातो. प्रिंट आणि कागदपत्रांचा संच कॉलेजात द्यायचा आणि पोच घ्यायची. नंतर पंधरा दिवसांनी एकदा पोर्टल उघडून बघायचं. 'अंडर स्क्रुटिनी' दिसलं तर चालू आहे. 'सेंड बॅक' दिसलं तर खाली कारण लिहिलेलं असतं. दुरुस्त करून मुदतीत परत पाठवायचं. परत आलेला अर्ज कुणी फोन करून सांगत नाही. मुदतवाढ दरवर्षी मिळते म्हणून शेवटपर्यंत थांबणारे आहेत. मुदत वाढतेही. पण परत आलेल्या अर्जाला वाढीव मुदतीतले चारच दिवस उरले की धावपळ कुणाची होते?

पैसे कुठल्या खात्यात येतात

'माझं खातं आधारला लिंक आहे' असं प्रत्येकजण सांगतो. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे झालं, असं नाही. सरकारचे पैसे आधार क्रमांकावर येतात आणि तो क्रमांक देशाच्या यादीत ज्या बँकेला जोडलेला असेल तिथं उतरतात. ही जोडणी एका वेळी एकाच बँकेशी असते, शेवटी जिथं केली तिथं. मोबाईलचं सिम घेताना दुकानदारानं अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडलेलं असतं आणि पोराला त्याचा पत्ताही नसतो. आमच्याकडं एकाचे असे पैसे तिथं आठ महिने पडून होते. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघायला एक मिनिट लागतं. अर्ज भरायच्या आधी बघा.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो, त्यात कॉलेजची फीही असते. ती लगेच कॉलेजात भरायची असते. खात्यावर एकदम मोठी रक्कम बघून मोबाईल घेणारे निघतात आणि वर्षाअखेर कॉलेज निकाल अडवतं. आईबापांनी त्या आठवड्यात पासबुक बघावं.

राहण्याच्या खर्चासाठी वेगळ्या योजना आहेत. अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, आणि सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार. यांचे अर्ज आणि कागद वेगळे. फी-सवलत मिळाली म्हणजे हेही आपोआप मिळतं असं नाही. अल्पभूधारकाचा दाखला उत्पन्नाच्या दाखल्याबरोबरच टाका, दुसरी फेरी वाचते.

कुठं अडलं तर आधी कॉलेजचा शिष्यवृत्ती विभाग. तिथं उत्तर नाही मिळालं तर पोर्टलवर तक्रारीची सोय आहे, तिथं अर्ज क्रमांकासह लिहा आणि स्क्रीनशॉट ठेवा. इंजिनिअरिंग-फार्मसीचं असेल तर तंत्रशिक्षणाचं विभागीय कार्यालय पुण्याला, बी.ए.-बी.कॉम.सारख्या अभ्यासक्रमांचं असेल तर उच्च शिक्षण सहसंचालक कोल्हापूरला, समाजकल्याणचं असेल तर सहायक आयुक्त जिल्ह्याच्या गावी. पुण्याला जायची पाळी आलीच तर शनिवार-रविवार टाळा, आणि मूळ कागद घरी ठेवून झेरॉक्सचे दोन संच न्या.

दुसऱ्या वर्षी परत अर्ज करावा लागतो. तो नूतनीकरणाचा असतो आणि छोटा असतो, पण करावा लागतो. उत्पन्नाचा दाखला, मागच्या वर्षाचा निकाल, हजेरी, सगळं ताजं. पहिल्या वर्षी बसली म्हणून चारही वर्षं बसली, असं धरून चाललेला एक बाप मागच्या डिसेंबरात आला होता. सुदैवानं मुदत नऊ दिवस बाकी होती. त्याचा दाखला सातव्या दिवशी निघाला.